४ बाय ६ च्या रेल्वे लेआउटला ट्रान्सफॉर्मर कुठला? तापकीर गल्लीत गुंडाळून घेतलेला वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

आधी निकालच सांगून टाकतो, घाईत असलेल्यांना सगळं वाचायला नको. एचओ स्केलच्या (खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान) एकदोन गाड्या, चार बाय सहा फुटाचा प्लाय, त्यावर एक गोल आणि दोन सायडिंग असा घरगुती मामला असेल तर पुण्याच्या बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जायचं आणि तिथे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देतात त्यांच्याकडून ०-१५ व्होल्ट २ अँपिअरचा करून घ्यायचा, पुढे एलएम३१७ (व्होल्टेज कमी-जास्त करणारी चिप) चं छोटं सर्किट लावायचं, झालं काम. मुंबईवाल्यांना लॅमिंग्टन रोड आहेच. मी पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा का कापला ते खाली येईलच. आणि सोल्डरिंगचं नाव काढलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांनी हा नाद सोडून तयार ब्रिटिश कंट्रोलर घ्यावा, त्याबद्दलही लिहिलंय.

आता सविस्तर. खेळण्यातल्या रेल्वेच्या सेटबरोबर वीज द्यायला जो छोटा काळा डबा येतो ना, नॉबवाला, त्यावर बहुतेक लोक वर्षानुवर्षं काढतात आणि गाडीलाच शिव्या घालतात. माझ्या सेटच्या डब्याचं असं होतं की नॉब एक तृतीयांश फिरवेपर्यंत गाडी ढिम्म, आणि मग एकदम सुसाट. मालगाडी कधी अशी सुटते का? स्टेशनातून निघताना कपलिंग ताणली जाऊन एकेक डबा हलायला पाहिजे, त्यातच तर सगळी मजा आहे. त्या डब्यावर खाली बारीक अक्षरात आउटपुट बघितलं तर अर्ध्या अँपिअरच्याही खाली. हल्लीचं चांगलं एचओ इंजिन तीन-चारशे मिलीअँपिअर खातं, एचओहून छोट्या एन स्केलचं त्याहून कमी, पण जुन्या उघड्या मोटरचं स्टीम इंजिन असेल तर सुटताना पाऊण ते एक अँपिअर सहज ओढतं, त्यात डब्यांमध्ये बल्ब लावले असतील तर प्रत्येकी पन्नासेक मिलीअँपिअर अजून. म्हणजे सहा डब्यांची लाइटवाली पॅसेंजर जोडली की सेटच्या पॅकची हवा गुल.

म्हणून ट्रान्सफॉर्मर बघताना लोक आधी व्होल्ट विचारतात ते ठीक आहे, डीसीवर चालणाऱ्या एचओ, ब्रिटिश डबल ओ आणि एनला रुळावर जास्तीत जास्त १२ व्होल्ट लागतात आणि तेवढे सगळेच देतात, पण खरा प्रश्न अँपिअरचा आहे. आणि तिथे एक गैरसमज इतका पक्का बसलाय की बास. "अरे ५ अँपिअर लावलेस तर इंजिन जळेल" असं मला दर दुसरा माणूस सांगतो. नाही हो जळत. पंगतीत वाढपी केवढंही मोठं पातेलं घेऊन आला तरी आपण पोटात मावेल तेवढंच खातो, मोटरचंही तेच. भानगड होते ती गाडी रुळावरून घसरल्यावर. धातूचं चाक दोन्ही रुळांना आडवं टेकलं की सरळ शॉर्ट, आणि त्या क्षणी मागे पाच अँपिअर द्यायला तयार असलेला सप्लाय असेल तर तो ते सगळे त्या चाकातून आणि इंजिनच्या आतल्या केसाएवढ्या वायरीतून ढकलतो, खालचा प्लॅस्टिकचा स्लीपर मऊ पडतो, बोगीची पट्टी वाकडी होते. छोट्या लेआउटला दीड-दोन अँपिअर भरपूर झाले, आणि शॉर्ट झाल्यावर सप्लाय काय करतो हे त्याच्या किमतीपेक्षा आधी विचारायचं.

तर तापकीर गल्ली. तिथे रेडिमेड १२-०-१२ चे (तीन वायरींचे, मधली शून्य, दोन्ही कडांना १२) ट्रान्सफॉर्मर ढिगाने पडलेले असतात, अँप्लिफायरवाले नेतात ते, आणि वरच्या लेबलवर २ अँपिअर लिहिलेलं असतं. लेबलवर विश्वास ठेवू नका. मी एका काकांना विचारलं, "काका, हा खरंच दोनचा आहे का?" त्यांनी उत्तर न देता दुसऱ्या हातात दुसरा ठेवला, लेबल तेच, वजन जवळजवळ दीडपट. "हलका पाहिजे तर स्वस्त आहे, जड पाहिजे तर तांब्याचा आहे. कशाला लावताय?" म्हटलं, खेळण्यातल्या रेल्वेला. मग त्यांना एकदम रस आला, म्हणाले कोथरूडला जोशींचं आहे तसं का? म्हटलं काका, ते भाऊ जोशींचं अख्खं संग्रहालय आहे, १९९८ पासून उभं, माझा आपला पलंगाखाली सरकणारा प्लाय.

त्यांनीच सुचवलं की रेडिमेड घेण्यापेक्षा करून घ्या. दोन वेगळ्या गुंडाळ्या पाहिजेत का असं विचारलं तेव्हा मला हा माणूस आवडला, कारण मला तेच पाहिजे होतं: एक ०-१५ रुळासाठी आणि दुसरी ०-१६, पूर्ण वेगळी, गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारे सांधे बदलायच्या कॉइलसाठी. तांब्याचीच वायर, मध्ये कागदाचं इन्सुलेशन, वर वॉर्निशमध्ये बुडवून. रेडिमेडपेक्षा पैसे जास्त गेले, साधारण दुप्पट धरा, तरी परदेशी पॅकच्या जवळपासही नाही.

घ्यायला जाताना दोन गोष्टी खिशात ठेवा, मल्टिमीटर आणि कारच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब. हा बल्ब पावणेदोन अँपिअर खातो, म्हणजे दोन अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरला घाम फोडायला अगदी बरोबर. समजा १२ व्होल्टचा रेडिमेड घेताय, तर मधली आणि एका कडेची वायर धरून नुसतं मोजलं की तेरा-साडेतेरा दाखवेल, ते घाबरायचं कारण नाही, लोड नसताना जास्तच असतं. आता बल्ब लावून मोजा. बाराच्या आसपास राहिला तर माल खरा, दहावर घसरला तर लेबल नुसतं शोभेचं. आणि पाच-दहा मिनिटं बल्ब तसाच चालू ठेवून हात लावून बघा, कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर तिथेच परत द्या. दुकानदार वैतागतो थोडा, चालायचंच. माझ्या १५ वाल्याला हाच बल्ब थेट लावला तर जरा जास्तच झगमगतो, पण दोनपाच मिनिटं तग धरतो आणि मीटर पंधराच्या खाली फारसा गेला नाही.

१२-०-१२ घेणाऱ्यांना एक ओरडून सांगतो, दोन्ही कडेच्या वायरी ब्रिजला (एसीचं डीसी करणारे चार डायोड) लावू नका. ते २४ व्होल्ट होतात आणि डायोड-कपॅसिटर झाल्यावर तिशीच्या पार जातात, २५ व्होल्टचा कपॅसिटर असेल तर तो फुटतो, आवाजासकट. मधली आणि एक कडेची.

सर्किट अगदी जुनं आणि साधं आहे, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या पोराला विचारा. १५ व्होल्ट एसी, पुढे १एन५४०८ चे चार डायोड, ४७०० मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्टवाला कपॅसिटर, तिथे साधारण १९-२० व्होल्ट डीसी मिळतात, मग एलएम३१७, त्याला २४० ओहमचा रेझिस्टर आणि २.२ के चा पॉट, म्हणजे नॉबवाला रेझिस्टर. हा २.२ के च घ्यायचा, ५ के घेतला तर अर्ध्या नॉबलाच सगळा व्होल्टेज संपतो आणि उरलेला अर्धा नॉब शोभेला. पुढे एक दोन-पोल सेंटर-ऑफ स्विच, गाडी पुढे, बंद, मागे. एलएम३१७ सव्वा व्होल्टच्या खाली उतरत नाही हा त्याचा स्वभाव आहे, आणि हल्लीची काही नाजूक मोटरची एन स्केल इंजिनं तेवढ्यावरही गुणगुणत राहतात किंवा सरपटतात, त्यासाठी आउटपुटला दोन डायोड ओळीत टाकले की खालचं टोक शून्याला येतं. वरचं टोक त्यामुळे साडेअकराच्या आसपास थांबतं, काही बिघडत नाही, बारा व्होल्टवर एचओ गाडी पळवली तर ती डेक्कन क्वीन राहत नाही, रॉकेट होतं.

एलएम३१७ ला हीटसिंक मोठा द्या. गाडी सात व्होल्टवर चालली असेल आणि चारशे मिलीअँपिअर खात असेल तर मधले बारा व्होल्ट त्या चिपमध्येच उष्णता होऊन जातात, म्हणजे पावणेपाच वॉट, ते बोटाएवढ्या पत्र्याने होत नाही. मुठीएवढं अ‍ॅल्युमिनियम पाहिजे, आणि ते डब्याच्या आत कोंडू नका, मागच्या बाजूला बाहेर लावा. तो चिपचा पत्रा आउटपुटलाच जोडलेला असतो बरं का, म्हणून अभ्रकाचा तुकडा आणि प्लॅस्टिकचा वॉशर घालूनच स्क्रू मारायचा.

आणि आता तो ब्रेकलाइटचा बल्ब फेकू नका, तो रुळाला जाणाऱ्या एका वायरीत ओळीत टाका. ही जुन्या रेल्वेवाल्यांची युक्ती आहे आणि मला अख्ख्या उद्योगातली हीच सगळ्यात जास्त आवडली. गाडी नीट चालू असताना फिलामेंट थंड असतं, जेमतेम अर्धा व्होल्ट खातं, कळतही नाही. गाडी घसरली की बल्ब भक्कन पेटतो आणि करंट तिथेच अडवतो. पोरगा दुसऱ्या टोकाला खेळत असला तरी मला खुर्चीतून दिसतं की घसरली. एलएम३१७ स्वतः पण शॉर्टमध्ये करंट आवरतो आणि फार तापला तर बंद पडतो, त्यामुळे दुहेरी बंदोबस्त.

चालवायला कसं वाटतं? नॉब हलकेच फिरवला की चार-साडेचार व्होल्टला माझं डिझेल सुटतं, आणि ते सुटतं म्हणजे खरंच सुटतं, आधी हेडलाइट मंद उजळतो, मग इंजिन एक चाकभर सरकतं, मग पहिली कपलिंग टिक, दुसरी टिक, तिसरी टिक. सेटच्या डब्यावर हे कधीच दिसलं नव्हतं. सांध्यावरून रांगत जाताना मात्र अधूनमधून थबकते, पण तो दोष ट्रान्सफॉर्मरचा नाही, रूळ काळे पडतात, पावसाळ्यात तर आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे लागतात. तसंच गोलाच्या पलीकडच्या बाजूला गाडी मंद होत असेल तर मोठा ट्रान्सफॉर्मर आणायला धावू नका, रुळांच्या जोडपट्ट्यांमध्ये व्होल्ट गळतायत, दर तीन-चार फुटाला खालून पाऊण चौरस मिलिमीटरची वायर सोल्डर करून द्या.

आता बाकीचे पर्याय, जे मी वापरलेत किंवा जवळून बघितलेत.

अमेरिकेतून येणारे पॉवर पॅक. भाऊ-बहीण, मामा, कुणीतरी येताना आणतंच. एमआरसीचे टेक ४ वगैरे पॅक चांगलेच आहेत, जाड, वजनदार, नॉबला दर्जा आहे, पण ते १२० व्होल्ट ६० हर्ट्झचे. आपल्या २३० ला थेट लावलात तर श्राद्धच. स्टेप-डाउन लावून चालतं, मात्र तो लोखंडी पट्ट्यांचा खरा ट्रान्सफॉर्मर असला पाहिजे, १०० व्हीए पुरे, प्रवासात हेअर ड्रायरला लावतात ते हलके कन्व्हर्टर नकोत. आणि तरीही ६० हर्ट्झसाठी बनवलेला गाभा ५० वर जरा जास्तच तापतो, उन्हाळ्यात हात लावून बघत जा. जपानचा असेल तर तिथे घरात १०० व्होल्टच असतात, अजून जपून. काही सेटमध्ये भिंतीतला अडॅप्टर वेगळा आणि नॉबचा डबा वेगळा असतो, तिथे नुसता अडॅप्टर इथला लावला की भागतं, फक्त जुन्यावर आउटपुट एसी लिहिलंय की डीसी ते चष्मा लावून वाचा.

जर्मनीहून मर्कलिन आलं असेल तर ते प्रकरणच निराळं आहे. तीन रुळांची पद्धत, एसीवर चालतं, १६ व्होल्ट, आणि दिशा बदलायला २४ व्होल्टचा झटका द्यायचा. त्या ट्रान्सफॉर्मरवर आपलं डीसी इंजिन ठेवलं तर ते जागेवर उभं राहून गुरगुरेल आणि थोड्या वेळाने वास येईल. शिवाय जुने निळे ट्रान्सफॉर्मर २२० चे आहेत, आपल्याकडे रात्री लाइन २४० च्या वर जाते तेव्हा तो झटकाही त्याच प्रमाणात वाढतो, नव्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मर्कलिन इंजिनाला ते झेपत नाही.

एलईडी पट्टीचा किंवा सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (तयार डीसी सप्लाय) आणि त्यापुढे ऑनलाइन मिळणारा पीडब्ल्यूएम (ठोक्याठोक्याने वीज देणारा) स्पीड कंट्रोलर, हा सगळ्यात स्वस्त मार्ग आणि आजकाल सगळी पोरं हेच करतात. चालतं, खोटं कशाला बोलू, अगदी मंद वेगाला तर माझ्या सर्किटपेक्षाही बरं चालतं कारण प्रत्येक ठोका पूर्ण १२ व्होल्टचा असतो. पण कमी फ्रिक्वेन्सीचा मॉड्यूल मिळाला तर इंजिन डासासारखं गुणगुणतं आणि कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर ती आतून तापते. वीस किलोहर्ट्झच्या आसपासचा मिळाला तर आवाज ऐकू येत नाही. पाच अँपिअरचं शॉर्टचं वर सांगितलंच, इथे तर बल्ब किंवा दीड-दोन अँपिअरचा फ्यूज टाकल्याशिवाय मुलांच्या हातात देऊच नका.

ब्रिटिश गेजमास्टर हा माझ्या मते तयार मालातला सगळ्यात समजूतदार पर्याय, कारण २३० व्होल्ट ५० हर्ट्झ म्हणजे आपलंच. मित्राकडे त्यांचा छोटा कॉम्बी आहे, एक गाडी, एक अँपिअर, शॉर्ट झालं की स्वतः आवरतं, मंद वेगाला लोण्यासारखा. फक्त चपट्या तीन पिनांचा ब्रिटिश प्लग असतो, चांगला अडॅप्टर घ्या, ढिला नको. अडचण किमतीची. मागवणावळ, कस्टम, सगळं धरून आकडा बघून माणूस विचारात पडतो. खेळण्यांवरची ड्युटीच २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, कंट्रोलर त्यात धरतात की विजेच्या सामानात हे पार्सल सोडवणाऱ्याच्या मर्जीवर. कुणी लंडनहून येत असेल तर त्याच्या बॅगेत टाकायला सांगा, सरळ हिशेब.

डीसीसीबद्दल, म्हणजे रुळातूनच इंजिनाला डिजिटल हुकूम द्यायच्या पद्धतीबद्दल, विचारणार हे माहितीये. दोनतीन इंजिनं एकाच रुळावर वेगवेगळी चालवायची, हॉर्न, इंजिनचा आवाज, हे सगळं हवं असेल तर एनसीईचा पॉवर कॅब किंवा रोकोचा झेड२१ घ्या, तिथे रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतो आणि इंजिनातला डिकोडर ठरवतो किती घ्यायचा. पण एका गोलावर एक गाडी फिरवायला एवढा खर्च म्हणजे उगाच आहे, त्या पैशात अजून एक इंजिन येतं.

सांध्याच्या कॉइलचं राहिलं. त्यासाठी ती दुसरी गुंडाळी. एक कॉइल क्षणभरच पण तीन-चार अँपिअर ओढते, ती रुळाच्याच सप्लायवर टाकली तर प्रत्येक सांधा बदलताना गाडी उचकी देते. वेगळ्या गुंडाळीवर डायोड आणि मोठा कपॅसिटर भरून ठेवायचा आणि बटण दाबलं की तो एकदम रिकामा करायचा, खट्ट आवाज येतो, सांधा पक्का बसतो, आणि चुकून पोराने बटण दाबून धरलं तरी कॉइल जळत नाही. हे सोळा व्होल्ट आणि रुळाचे व्होल्ट एकमेकांना कुठेही जोडायचे नाहीत.

आता तो कापलेला अर्धा तारा. एक म्हणजे डबा स्वतःच करावा लागतो आणि आत २३० व्होल्ट उघडे असतात, हा विषय हसण्यावारी नेऊ नका. मेनच्या बाजूला पाव अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, तीन पिनांची वायर, डबा धातूचा असेल तर अर्थिंग, आणि प्रत्येक टोकावर स्लीव्ह. हे जमत नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, तो हसेल, हसू दे. दुसरं म्हणजे आवाज. चांगला गुंडाळलेला असूनही हा हलका हूं करतोच, रात्री शांततेत ऐकू येतो, आणि लाइट गेल्यावर जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर चांगलाच घुमतो. खाली रबराचे बूच लावल्यावर कमी झालाय. आणि तिसरं, गॅरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द, पावती मागितली तर वहीचं पान मिळतं, त्यावर त्यांनी "रेल्वे १५/१६" एवढंच लिहून दिलंय.